रद्द झालेलं सूप

स्वयंपाक्याने नाक शिंकरलं, हात पॅन्टला पुसला आणि त्याच हाताने सूपच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं. पिशवीची वाट बघत खिडकीबाहेर उभा असलेला फडके ते बघत होता. आत मोरी तुंबली होती. तिचं पाणी पिठाच्या पोत्यापर्यंत आलं होतं आणि पोतं खालून काळं पडलं होतं. चिरलेल्या भाजीच्या परातीवर एक झुरळ मिशा हलवत निवांत फिरत होतं, जागेचं भाडं तेच भरत असल्यासारखं.

"घ्या, गरमागरम," स्वयंपाकी म्हणाला आणि त्याने पिशवी पुढे सरकवली. पिशवीवर गुलाबी बदामाचं स्टिकर होतं.

फडके हे काही त्याचं आडनाव नव्हे. दिवसा तो चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा आणि संध्याकाळी दोन-तीन तास घरोघरी जेवण पोचवायचा. काचा पुसायचं पिवळं फडकं इथेही त्याच्या खिशात असे. स्कूटरचं हॅन्डल पूस, फोन पूस, कुणाच्या दाराची बेल दाबली की बोट पूस. बाकीच्या ड्रायव्हरांनी मग त्याला फडके करून टाकलं. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. आपण स्वच्छ आहोत आणि हे सगळे गलिच्छ, याचा उलट त्याला थोडा तोराच होता.

ह्या एका चुलीवर पाच हॉटेलांचं जेवण शिजायचं. फोनवर पाच नावं आणि पाच चकाचक फोटो. एक पौष्टिक, एक घरगुती, एक परदेशी, आणि असंच काहीबाही. मोरी मात्र सगळ्यांना मिळून एकच. गिऱ्हाईक बिचारं एका नावावर रुसायचं, दुसरीकडून मागवायचं आणि फिरून ह्याच मोरीकाठी यायचं.

सुरुवातीला त्याने कंपनीला कळवून पाहिलं होतं. फोनवर तक्रारीचे ठरलेले पर्याय होते. पिशवी फाटली. हॉटेल बंद आहे. पत्ता सापडत नाही. घाणीचा पर्याय कुठे नव्हता. इथली ऑर्डर नाकारली, तर पुढचे दोन दिवस फोन मुका होऊन बसायचा.

"आपण हमाल आहोत, फडके," ड्रायव्हरांमधले सगळ्यांत जुने मामा म्हणाले होते. "ओझं वाहायचं. आत काय आहे ते हुंगायचं नाही."

फडकेने मग डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. श्वास रोखून पिशवी घ्यायची, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, कंपनीने शिकवलंय तसं हसून "मजेत जेवा" म्हणायचं. झालं.

ड्रायव्हरांची आपसांत एक रीत मात्र होती. ऑर्डर वाटेत रद्द झाली की जेवण ड्रायव्हरचं. कंपनी परत मागत नसे. इतर हॉटेलांचं असलं, तर पायरीवर बसून सगळे त्यावर तुटून पडत. ह्या खिडकीतलं असलं, तर कुणी हातही लावत नसे. पिशवी न उघडता थेट कचऱ्याच्या डब्यात जायची. कितीही भूक लागलेली असो.

आजचं सूप अर्ध्या वाटेत रद्द झालं. फडके कचऱ्याचा डबा शोधतच होता, तेवढ्यात दुसरी ऑर्डर आली, मग तिसरी. सूप स्कूटरवरच्या पेटीच्या तळाशी राहिलं आणि त्याच्या डोक्यातून साफ गेलं.

घरी आल्या आल्या तो नेहमीप्रमाणे मोरीत शिरला. कोपरापर्यंत साबण लावून त्याने हात खसाखसा घासले, दोनदा तोंड धुतलं. वास काही केल्या जाईना. टॉवेल घेऊन बाहेर आला, तर लेक पाटावर बसली होती. समोर वाटी होती, वाटीतून वाफ येत होती. बाजूला पिशवी होती, गुलाबी बदामाची.

चमचा तोंडाशी गेला होता. फडकेने झडप घातली आणि तो उडवला. सूप भिंतीवर उडालं, लेकीने भोकाड पसरलं.

"अहो, वेड लागलं का तुम्हाला?" बायको आतून धावत आली. "पेटी धुवायला घेतली, तर त्यात हे निघालं. म्हटलं तिच्यासाठी आणलंत, म्हणून गरम करून दिलं."

"किती खाल्लं? किती खाल्लं हिने?"

"दोन-तीन चमचे असतील. का? काय आहे त्यात?"

त्याने लेकीला उचलून मोरीत नेलं, तिच्या तोंडात पाणी ओतलं. "थुंक. थुंक, बाळ. अजून थुंक." पोर भेदरून त्याच्याकडे बघत होती. मग त्याने बायकोला सगळं सांगितलं. शिंकरलेलं नाक, तुंबलेली मोरी, झुरळ, काळं पोतं. सांगता सांगता त्याला पुन्हा शिसारी आली. बायकोने तोंडाला पदर लावला आणि वाटी उचलून लांब धरली.

"शी! आणि हे तुम्ही घरात आणलंत?"

"अगं, चुकून राहिलं. टाकायचंच होतं," फडके कळवळून म्हणाला. "आईशप्पथ सांगतो, रद्द झालेलं आम्ही कधीच ठेवत नाही. आमच्यातला एकसुद्धा माणूस त्या घाणीला शिवत नाही. कुत्र्यालाही घालत नाही आम्ही."

बायकोने लेकीचं तोंड पुसलं. मग ती त्याच्याकडे बघत राहिली, मघाशी वाटीकडे बघत होती तशीच.

"आणि रद्द झालं नाही, की?"