शेवटच्या पानावरचे आभार

दोन आकाशगंगा एकमेकींवर आदळल्या तर काय होईल, हे शोधणारा प्रोग्रॅम मी चार वर्षं रक्ताचं पाणी करून लिहिला. त्यावरच माझ्या मार्गदर्शक सरांचा शोधनिबंध छापून आला, त्यात माझं नाव कुठेच नाही. शेवटच्या पानावर आभार मात्र मानलेत, संस्थेच्या महासंगणकाचे, तेही मॉडेल नंबरसकट! जाब विचारला, तर म्हणाले, "अगं, गणितं सगळी त्यानेच केली. तू नुसतं टाइप केलंस." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काल सरांचा फोन आला, आवाज रडवेला. "अगं, संपादक विचारतायत, हे आकडे आले कसे? मला तुझ्या प्रोग्रॅममधलं ओ की ठो कळत नाही."



"ज्याचे आभार मानलेत, त्यालाच विचारा की, सर."