डीजेची ट्रायल

“आता मागे घ्या,” बाबा म्हणाले.

डीजेने लॅपटॉपवरचा हात उचलला. “काय, काका?”

“गाणं. मागे घ्या. सावकाश, घाई नको.”

डीजेने भिंगरीकडे पाहिलं. भिंगरीने छताकडे पाहिलं. लग्न तिचं होतं, आणि गेल्या काही दिवसांत ते छत तिला तोंडपाठ झालं होतं.

बाबांची सगळी नोकरी लोकांच्या ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेण्यात गेली होती. शेजारी नुसतं बसून माणसाला घाम फोडायचा, ही त्यांची कला. निवृत्तीनंतर ती वाया चालली होती. मुलीच्या रिसेप्शनसाठी डीजे निवडायचा म्हटल्यावर ते न सांगताच पुढे सरसावले. उमेदवाराच्या डाव्या हाताला खुर्ची टाकून बसायचे. गाणं जोरात आलं की त्यांचा पाय आपोआप जमिनीवर ब्रेक शोधायचा.

पहिला डीजे हॉर्न फार वाजवतो म्हणून नापास झाला. तो खरंच दर दोन ओळींना भोंगा मारत होता, त्यामुळे घरात कुणी हरकत घेतली नाही. दुसरा एका गाण्यातून दुसऱ्यात शिरताना सिग्नल देत नव्हता. तिसऱ्याने ऐन परीक्षेत फोन उचलला. त्याला तर बाबांनी हातातला चहाही संपवू दिला नाही.

चौथा का नापास झाला, हे कुणालाच कळलं नाही. तो सुरेख वाजवायचा. त्याच्या गाण्यावर आई बसल्या जागी डोलली होती, आणि आई याआधी कधी डोलली होती हे आईलाही आठवत नव्हतं. पण बाबांची एक पद्धत होती. ट्रायल झाली की ते उमेदवाराला गॅलरीत न्यायचे, मागे दार ओढून घ्यायचे, काहीतरी विचारायचे आणि नकारार्थी मान हलवत परत यायचे.

“नवरा तुम्ही चहा निवायच्या आत पसंत केलात,” भिंगरी त्या दिवशी भडकली होती. “आणि डीजेला एवढं?”

“त्याने दोन खांबांच्या मधे गाडी एका दमात उलटी लावली,” बाबा म्हणाले. “माणसाबद्दल आणखी काय कळायचं असतं?”

गाडी उलटी लावणाऱ्याची नोकरी परदेशात होती. रिसेप्शनच्या दुसऱ्याच पहाटे दोघांचं विमान. भिंगरीच्या भरलेल्या बॅगा बाहेरच्या खोलीत उभ्या होत्या, आणि जागेच्या टंचाईमुळे डीजे लोक आपले स्पीकर त्यांच्यावरच मांडायचे.

रिसेप्शन शनिवारी होतं. मनसोक्त नाचायचं, एवढंच भिंगरीने या लग्नात स्वतःसाठी मागितलं होतं. लहानपणी ती घरभर गरगर फिरायची, म्हणून तर बाबांनी तिला हे नाव दिलं होतं. आणि डीजे मिळाला नाही, तर मामा गाणार होता. त्याने सोमवारपासून कोमट पाणी प्यायला सुरुवातही केली होती.

आजचा हा पाचवा. त्याने गाणं मागे घेतलं, सावकाश घेतलं, कुठेही न धडकता घेतलं. आई डोलली. बाबांनी घसा खाकरला आणि गॅलरीच्या दाराकडे बोट केलं.

स्वयंपाकघराची खिडकी गॅलरीत उघडते. भिंगरीला एकदम तहान लागली.

“शेवटचं गाणं केवढं असतं?” बाबा विचारत होते. आवाज परीक्षकाचा नव्हता. परीक्षेला बसलेल्याचा होता.

“चार-पाच मिनिटांचं, काका.”

“लांबवता येतं?”

“येतं थोडंफार. पण तो हॉलवाला अकराच्या ठोक्याला मेन स्विच पाडतो हो.”

“मग तुम्ही काय करता?”

“काय करणार? वायरी गुंडाळतो. सगळे आपापल्या घरी जातात.”

“सगळे नाही जात,” बाबा म्हणाले.

 डीजे रेलिंगवरची कुंडी सरळ करू लागला. ती सरळच होती.

भिंगरी ग्लास तसाच भरलेला ठेवून बाहेर आली. पाठोपाठ बाबा आले. मान हलवत.

“नापास.”

“आता काय झालं?” आईने कपाळाला हात लावला.

“आरशात बघत नाही.”

“अहो, त्याच्याकडे आरसा आहे कुठे?”

“तेच म्हणतोय मी.”

मामाने थर्मासचं झाकण उघडलं. आता भिंगरीचा स्फोट होणार म्हणून आईने टीपॉयवरची काचेची बशी उचलून घेतली.

“बरोबर आहे बाबांचं,” भिंगरी म्हणाली. “आरसा नाही म्हणजे काय? उद्या काही झालं तर?”

आई बशी हातात धरून तशीच उभी राहिली. बाबांनी लेकीकडे जरा निरखून पाहिलं. मग ते खुर्चीत बसले, आणि गाणं बंद असूनही त्यांचा पाय ब्रेक शोधू लागला.

तेवढ्यात बेल वाजली. सहावा. यादीतला शेवटचा. बाबा उठायच्या आत भिंगरी दाराशी पोचली होती. बाहेर एक घामाघूम माणूस छातीशी खोकं कवटाळून उभा होता. बातमी धंद्यात पसरलेली दिसत होती.

“ताई, ट्रायल इथेच असते ना?” त्याने हळूच विचारलं. “मी रिव्हर्सची प्रॅक्टिस करून आलोय.”

“ट्रायल राहू द्या,” भिंगरी दार मागे ओढत कुजबुजली. “तुमच्याकडे स्वतःचा जनरेटर आहे का?”