निळ्या शर्टवाल्याची गोष्ट

कात्रजच्या सर्पोद्यानातला अजगर झोपला होता. तो कायम झोपलेलाच असतो. लोक तिकीट काढून त्याची झोप बघतात आणि वैतागून पुढे जातात. जयसिंग आणि शालूची काही तक्रार नव्हती. काचेसमोरचा बाक सावलीत होता आणि तिथून येणारी-जाणारी माणसं छान दिसायची.

कोर्टानं शालू आईकडे दिली होती आणि रविवारची दुपार जयसिंगला. घरचं काही विचारलं की पोर गप्प व्हायची. मग बोलायचं तरी काय? म्हणून त्यानं हा खेळ काढला होता. अनोळखी माणूस हेरायचा आणि त्याची गोष्ट रचायची. सुरुवातीला शालू दर वेळी विचारायची, "खरं का, पप्पा?" शेवटी त्यानं नियमच करून टाकला, की असं विचारायचं नाही.

"ती पिशवीवाली आजी बघ," जयसिंग म्हणाला. "अजगराची मावशी आहे. त्याच्यासाठी पुरणपोळ्या आणल्यात. पण हा उठतोय कुठला?"

शालू हसली, पण उगीच आपली. मग तिनं समोरच्या बाकावर बसलेला निळ्या शर्टवाला माणूस निवडला. तो एकटाच शेंगदाणे खात होता.

"त्याला एक मुलगी आहे," ती म्हणाली. "दर रविवारी ती त्याच्याबरोबर इथं यायची."

"मग आज कुठाय?"

"आता ती नाही येणार. तिच्या मम्मीला बंगळूरला नोकरी लागली. शाळेतून दाखलापण काढला."

जयसिंगनं काचेकडे तोंड फिरवलं. त्यानं कसाबसा आवाज सांभाळला.

"त्या माणसाला हे माहीत नव्हतं?"

"नाही ना. मम्मीनं मुलीला सांगितलं होतं, तू काही बोलायचं नाहीस, वकीलकाका सांगतील."

"आणि मुलगी नाही बोलली?"

"नाही. ती शहाणी आहे." शालू फ्रॉकची कड बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. "रात्री रडली फक्त. उशीत तोंड घालून, म्हणजे मम्मीला ऐकू जात नाही."

जयसिंगनं तिच्या पाठीवर हात ठेवला. ती तशीच बसून राहिली.

"मग आता तो काय करतो, एकटा?"

"येतो तरीपण. नाहीतर अजगराला करमणार नाही."

तेवढ्यात आतून एक बाई दोन मुलांना घेऊन आली. मुलांनी निळ्या शर्टवाल्याच्या हातातल्या पुडीवर झडप घातली. बाई त्यांना रागावली, तो हसला आणि चौघेही गेटाकडे निघाले. शालूनं तिकडे बघितलंसुद्धा नाही.

जयसिंग त्या रिकाम्या बाकाकडे बघत राहिला. मग त्याला राहवेना.

"शालू, खरं का गं?"

"पप्पा," ती अजगराकडे बघत म्हणाली, "असं विचारायचं नसतं."