फरारी साहेबाचा हुद्दा

सत्तावनच्या जेठात आमच्या कसब्यातली इंग्रजांची कचेरी बंडवाल्यांच्या हाती गेली. नवे कोतवाल नजफ बेग भर दुपारी माझ्या ओसरीवर येऊन बसले, कारण फर्मान लिहिणारा मुन्शी गावात मी एकटाच उरलो होतो. ज्यांना पकडायला ते फर्मान काढत होते ते विगिन्स साहेब आत, माझ्या बायकोच्या पिठाच्या कोठीमागे उकिडवे बसलेले. सापडले तर त्यांच्याबरोबर माझीही मान जाणार होती.

"लिहा लालाजी, फरारी साहेबाला जिवंत धरून आणावं. हुद्दा काय त्याचा?"

"असिस्टंट मॅजिस्ट्रेट, हुजूर."

"असिस्टंट? या उन्हात असिस्टंटला शोधायला कोण मरायला घराबाहेर पडेल? बडा मॅजिस्ट्रेट लिहा! महाधूर्त आहे, अख्खा जिल्हा एकटा चालवायचा, असंही घाला."

मी घातलं. कोतवालांनी मोहोर उठवली, दहा नकला करायला सांगितल्या आणि सरबत पिऊन ते गेले.

साहेब पिठानं माखून बाहेर आले. मी कागद त्यांच्यापुढे धरला. "साहेब, आता तरी गाव सोडा."

त्यांनी तो दोनदा वाचला. डोळे भरून आले.

"मुन्शीजी, अकरावी नक्कल करा. बढतीसाठी सात वर्षं कलकत्त्याला अर्ज करतोय. यंदा हा सोबत जोडू."

"पण मोहोर बंडवाल्यांची आहे, हुजूर!"

"असू दे. माझी योग्यता ओळखणारं हे पहिलंच सरकार."