सरांचं स्टूल

"नऊ दिवसांत रेघा किती सरकल्या?" सरांनी दारातूनच विचारलं. काल संध्याकाळी इस्पितळातून सुटलेला माणूस आज सकाळी तळघरात हजर. काखेत शोधनिबंधाचं जाड पाकीट, ते दुपारी रवाना व्हायचं होतं.

प्रश्न त्यांच्या मदतनीस बाईंना होता. यंत्र जुळवायचं काम बाईंचं, आकडे वाचायचं सरांचं. या खेपेला तेही त्यांच्याच गळ्यात पडलं होतं.

खोलीच्या मधोमध दगडी चबुतरा संथ फिरत होता. त्यावर एका किरणाचे दोन भाग होऊन काटकोनात धावत, आरशांवरून परतत, आणि ते एकत्र आले की काळ्या-उजळ रेघा उमटत. प्रकाश एखाद्या दिशेला कणभर जरी जास्त वेगानं धावला, तर चबुतरा फिरताना रेघा सरकायला हव्यात. तीस वर्षं त्या ढिम्म हलल्या नव्हत्या. वरच्या मजल्यावरचे सहकारी सरांना शून्यमहाराज म्हणत. आणि या हिवाळ्यात रेघा सरकल्या होत्या, प्रत्येक फेऱ्यात, न चुकता. पाकिटातला निबंध त्याबद्दलच होता.

"बाई, तुम्हाला विचारतोय."

"नाही सरकल्या, सर."

"एकदाही नाही?"

"एकदाच. काल तुमच्या स्टुलावर मी गरम पाण्याचा डबा ठेवला, तेव्हा."

सर स्टुलाकडे बघत राहिले. गुडघे धड होते तोवर ते दुर्बिणीला डोळा लावून चबुतऱ्याबरोबर गोल चालत. या हिवाळ्यात गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा बाईंनीच चबुतऱ्यावर कॅमेरा बसवला, भिंतीवर पडदा लावला आणि सरांना चबुतऱ्याशेजारी बसायला हे स्टूल आणून दिलं. तेव्हापासून चबुतरा फिरे, सर एका जागी बसत, आणि किरणाची आधी एक वाट, मग दुसरी, त्यांच्या अंगाजवळून जाई. माणसाच्या अंगाची ऊब ती केवढी! पण तेवढ्यानंही वाटेतली हवा तापत होती. ते स्टूल आपणच आणलं, हे बाईंच्या मनातून जाईना.

"म्हणजे मीच होतो तो," सर म्हणाले.

"स्टूल मी आणलं, सर. चूक माझी."

"छे हो. बसत तर मीच होतो ना."

ते हसायला गेले, पण ते जमलं नाही. मग म्हणाले, "तेवढं बाहेर ठेवा."

बाईंनी स्टूल बाहेरच्या बोळात ठेवलं. सर भिंत धरत बाहेर गेले आणि त्यावर बसले. पाकीट मांडीवर उलटं ठेवून त्यांनी खिशातून पेन काढलं आणि बसल्या जागेवरून दार ओढून घेतलं.

खोलीत, चबुतऱ्यापासून दूरच्या कोपऱ्यात, बाई एकट्या उरल्या. चबुतऱ्याचा एक फेरा पुरा झाला. पडद्यावरच्या रेघा होत्या तिथेच होत्या.

"वाचा," दारापलीकडून आवाज आला.

"शून्य." बाई हळूच म्हणाल्या.

"मोठ्यानं सांगा, बाई. लिहून घेतोय."