कव्हरवरचं नाव

मासिकात एड्रियनचा फोटो छापून आला होता. बेरिलबाईंनी तो कापला आणि दुकानाच्या काचेवर, स्वेटरच्या नमुन्यांशेजारी चिकटवला. गॉर्डन फेअरक्लफ चहाचा कप धरून शेजारीच उभा होता.

“देखणा दिसतो, नाही, आपला एड्रियन?” बाई म्हणाल्या.

“फोटो चांगला आलाय,” गॉर्डन म्हणाला.

इंग्लंडमधल्या रॉचडेल गावच्या या लोकरीच्या दुकानाच्या माळ्यावर कंप्युटरच्या खेळांची स्पिंडल कंपनी उभी राहिली ती गॉर्डनमुळे. घरच्या टीव्हीला जोडायचे छोटे कंप्युटर तेव्हा नुकतेच आले होते. गॉर्डन शाळेत गणित शिकवायचा. त्यानं घुबडाचा एक खेळ रचला आणि दुकान चालवणाऱ्या विधवा बेरिलबाईंनी तो कॅसेटवर उतरवून विकायला ठेवला. लोकरीच्या गुंड्यांबरोबर कॅसेटची पार्सलंही टपालानं जाऊ लागली. खेळ चालला. गॉर्डननं शाळा सोडली.

मग एड्रियन पिलिंग आला. बाविशीचा, बेकारभत्त्यावर जगणारा. त्याच्या पहिल्याच खेळानं एका उन्हाळ्यात घुबडाला मागं टाकलं. चित्रं काढायला उजेड लागतो म्हणून बाईंनी त्याला खिडकीजवळची जागा दिली. तिथं आधी गॉर्डन बसायचा. त्याचं टेबल जिन्याशेजारी गेलं.

एड्रियन त्याला मास्तर म्हणायचा. त्या हाकेत गॉर्डनला दर वेळी टोमणा ऐकू यायचा.

गॉर्डनच्या नव्या खेळात सूतगिरणीतलं एक मांजर होतं. त्या इवल्याशा यंत्रात संगीत सुरू झालं की चित्र थांबायचं. गॉर्डननं मात्र काहीतरी युक्ती काढली होती. मांजर पळत राहायचं आणि मागं ब्रासबँडही वाजत राहायचा. एड्रियन खुर्चीमागं येऊन उभा राहायचा.

“हे कसं जमवलंत, मास्तर?”

“सरावानं.”

एड्रियन हसायचा, पण जागचा हलायचा नाही. थट्टा करतोय, असं गॉर्डन मनाशी म्हणायचा.

एकदा तो दुपारी चिप्स घेऊन परतला, तर एड्रियन त्याच्याच खुर्चीत बसलेला. चटकन उठला आणि म्हणाला, खिडकीत ऊन फार लागतं. ऑक्टोबर महिना होता, आणि गाव सदा ढगाळ रॉचडेल. खिडकी मिळाली तरी याचं पोट भरलेलं नाही, गॉर्डनच्या मनात आलं.

त्याच आठवड्यात बाईंनी जाहिरात दाखवली. नाताळला दोन खेळ निघणार होते. वर, जवळजवळ पानभर, एड्रियनचा कालव्यातल्या बोटीचा खेळ. खाली कोपऱ्यात गॉर्डनचं मांजर.

“दुकान आता या दोन खेळांवरच आहे, पोरांनो,” बाई म्हणाल्या. “लोकर कोण घेतं हल्ली?”

गॉर्डननं मान डोलावली.

एड्रियन नसताना त्यानं तो बोटीचा खेळ लावून पाहिला. कुठंतरी खोट सापडेल अशी आशा होती. बोट कालव्याच्या दुसऱ्या दरवाजाशी बुडाली आणि गॉर्डननं, आपण काय करतोय हे कळायच्या आत, खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. हेच त्याला सगळ्यात जास्त लागलं. खोट नव्हतीच.

बुधवारी एड्रियननं दाढ काढायची म्हणून रजा घेतली. बाई खाली गिऱ्हाइकांत होत्या. गॉर्डननं एड्रियनच्या खणातली बोटीच्या खेळाची कॅसेट काढली, तिची नक्कल केली आणि मूळ कॅसेट होती तशी ठेवून दिली.

गुरुवारी एड्रियन आला तो जाड, कडक टोस्ट कुरुमकुरुम चावत. बाईंनी दोघांना चहा दिला. आईला बरं नाही, असं सांगून गॉर्डन निघाला आणि त्यानं मँचेस्टरची बस धरली.

तिथल्या मोठ्या कंपनीचे मालक सेफ्टनसाहेब त्याला आपल्या खोलीत घेऊन गेले. खेळ यंत्रात उतरेपर्यंत कॅसेट कर्कश किंचाळली आणि शांत झाली. पडद्यावर बोट आली. सेफ्टन बराच वेळ खेळले. बोट बुडाली, तेव्हा त्यांनीही पुन्हा सुरुवात केली. गॉर्डननं नजर वळवली.

खेळ कुणाचा, असं सेफ्टननी विचारलं. गॉर्डननं खरं ते सांगितलं, स्पिंडलमधल्या सोबत्याचा. आपलं नाव मात्र त्यानं सांगितलं नाही.

“किंमत बोला.”

“मला काही नको. नाताळाआधी बाजारात आणा. कुणाच्याही नावावर काढा. कव्हरवर एड्रियन पिलिंगचं नाव तेवढं येऊ देऊ नका.”

सेफ्टननी टीव्ही बंद केला आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

“काल याच खुर्चीत तुमच्याकडचाच एक पोरगा येऊन बसला होता,” ते म्हणाले. “गिरणीतल्या मांजराचा खेळ देऊन गेला. म्हणाला, असं काम मला जन्मात जमायचं नाही. पैसे त्यालाही नको होते. अटही हीच. नाव तेवढं वेगळं, गॉर्डन फेअरक्लफ. तुम्ही ओळखता का त्यांना?”