वाळवणाची राखण

“सोमवारी मी जाणार न्हाई,” सोपानराव म्हणाले आणि कावळ्याला काठी दाखवली.

शालनबाईंचा सोऱ्यावरचा हात थांबला. अर्धी कुरडई प्लास्टिकवर तशीच राहिली. सोमवारी नवऱ्याचं तिमाहीचं इंजेक्शन होतं. रविराजनं, त्यांच्या मुलानं, हिंजवडीच्या कंपनीत रजासुद्धा टाकली होती.

“का पण?”

“उगं सुया टोचून काय उपेग?” एवढंच म्हणून सोपानराव टाकीच्या सावलीतल्या खुर्चीवर नीट टेकले.

कॅन्सर प्रोस्टेटचा. कळला तोच मुळी कमरेच्या आणि पाठीच्या हाडांत उतरल्यावर. डॉक्टर म्हणाले होते, मुळापासून जाणार नाही, पण इंजेक्शनानं दाबून ठेवू. खा, फिरा, फक्त पडू नका. वर हातात काठी दिली. सोपानराव जुने मोशीकर. ज्या रस्त्यानं बैलगाडा पळवला, त्याच रस्त्यानं काठी टेकत जायची त्यांना लाज वाटायची. मग उन्हाळा लागला आणि त्यांनी बिल्डिंगच्या गच्चीवर बायकांचं वाळवण राखायचं काम अंगावर घेतलं. आता कुणी विचारलं तर काठी कावळ्यांसाठी होती.

सुईला नाही म्हणायचं खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. तीन-चार महिने झाले, त्यांच्या आत आग पेटत होती. उभी हयात फाउंड्रीत भट्टीसमोर काढलेला माणूस. बाहेरची आग त्यांच्या ओळखीची होती. ही आतून यायची, न सांगता. मग ते फ्रीज उघडून उभे राहायचे. शालनबाईंनी “काय शोधताय?” विचारलं की “ताक” म्हणायचे. दिवसात इतकं ताक कुणी पीत नाही. हाडं पेटली, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. डॉक्टरांनी “काही त्रास?” विचारलं की ते “मजेत” म्हणायचे. खरं सांगितलं तर डॉक्टरही खरं सांगतील, ही भीती.

विषय बदलायला त्यांनी जयमालाला हाक मारली. जयमाला दिघीच्या शाळेत शिकवायची, या बिल्डिंगमध्ये नवीनच आली होती; म्हणजे तिला त्यांची ती गोष्ट अजून माहीत नव्हती.

“बाई, आमची शालन कशी हाय सांगू? मी नाइट शिफ्टला गेलो की ही गादीवर निजायची न्हाई. थंडीतसुद्धा फरशीवर पडायची. सकाळी येऊन बघावं तर ही खाली, गादीला सुरकुती न्हाई. चार वर्षं! असली माया आता मिळायची न्हाई.”

“झालं का सुरू?” भिमाबाई म्हणाल्या. त्या सोपानरावांच्या चुलतभावजय. ही गोष्ट त्यांनी प्रत्येक उन्हाळ्यात ऐकली होती. शालनबाई नेहमीसारख्या खाली मान घालून कुरडई पाडत राहिल्या.

जयमाला काही बोलणार, तेवढ्यात तिनं चिकाचं पातेलं बाजूला सारलं आणि ओढणीनं वारा घ्यायला लागली. “आलं बाई पुन्हा! छातीतून वाफ निघते, मानेवरून डोक्यात जाते. वाटतं, कुणी आत शेगडीच पेटवली.”

“आन् घाम फुटला की लगेच हुडहुडी,” सोपानराव बोलून गेले.

तिघींच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

“तुमाला काय म्हाईत?” शालनबाईंनी विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. सोपानरावांनी सगळं सांगून टाकलं. आग, फ्रीज, ताक, सगळं. बोलताना ते काठीच्या टोकाकडे बघत होते.

शालनबाईंनी कपाळावर हात मारला. चीक कपाळाला लागला. “अवं, डॉक्टर पहिल्याच दिशी म्हनाले की! या सुईनं बायांसारखं अंग तापंल म्हून. मी दोनदा इचारलं तुमाला, न्हाई म्हनालात!”

“हाडात गेलं म्हनल्यावर म्होरलं मला काय ऐकूच आलं न्हाई.” सोपानरावांनी जयमालाकडे बघितलं. “म्हंजी ही हाडातली आग न्हाई?”

“नाही काका,” जयमाला म्हणाली. “ही आमच्यातली. आमचं वयानं येतं, तुमचं सुईनं आलं.”

भिमाबाईंनी पदर तोंडाला लावला, पण उपयोग झाला नाही. “भावजी, तुमची पाळी गेली म्हनायची!”

आधी जयमाला फुटली, मग शालनबाई. सोपानरावांनी कंबर धरली, कारण हसलं की कंबर दुखायची. आणि कंबर धरून हसतच राहिले. कावळा येऊन अख्खी कुरडई घेऊन गेला. काठी कुणी उचलली नाही.

“रविराजला सांग, रजा मोडू नगं,” डोळे पुसत ते म्हणाले. “सोमवारी जाऊ. आन् डॉक्टरला इचारू, यावर काय गोळीबिळी हाय का.”

जयमालानं त्यांची खुर्ची टाकीपासून उचलली आणि बायकांच्या बाजूला, छत्रीच्या सावलीत ठेवली. हातात एक पुठ्ठा दिला. सोपानराव वारा घालत बसले. एकदा स्वतःला, एकदा जयमालाला.

थोड्या वेळानं शालनबाई ताकाचा तांब्या घेऊन आल्या. सोपानरावांनी घोट घेतला. मग काहीतरी आठवल्यासारखा पुठ्ठा थांबला.

“शालन, तुला झालं हुतं का गं हे असलं?”

“झालं की. चार वर्षं.”

“मला कसं कळलं न्हाई?”

शालनबाईंनी मागं वळून बघितलं. दोघी सोऱ्यात गुंतल्या होत्या. मग त्या नवऱ्याच्या कानाशी वाकल्या आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या,

“मग फरशीवर काय तुमच्या आठवणीनं निजत हुते व्हय?”